मकावचं अ-मा देऊळ आणि व्हीलचेअर : आमचा अनुभव (आणि अजून कुठली कोळ्यांची चिनी देवळं झेपतील?)

कोकमसरबत :

मागे इथेच विचारलं होतं की आईला व्हीलचेअरवर घेऊन मकावच्या त्या मच्छीमारांच्या देवळात जाता येईल का, तेव्हा "जाऊन या आणि सांगा" असंच उत्तर मिळालं होतं, तर जाऊन आलो आणि सांगतेय. लांबलचक होणार आहे, चहा घेऊन बसा.

आई ७४ वर्षांची. दोन वर्षांपूर्वी पॅरालिसिसचा झटका आला, डावी बाजू अजून कमजोरच आहे. धरून चार पावलं टाकते, पायरी मात्र जमत नाही. दादा हाँगकाँगला असतो त्यामुळे जाणं होणारच होतं, पण मकावचा हट्ट आईचा. तिचं बालपण हर्णैला गेलं. बंदरावरचा मासळीचा लिलाव, होड्या परत यायची वाट बघणाऱ्या बायका हे सगळं तिच्या बोलण्यात येता जाता असतं. दादा कधीतरी फोनवर बोलून गेला की इथल्या कोळ्यांची पण एक आई आहे, तिच्या नावावरून अख्ख्या गावाला नाव पडलंय. झालं, तेव्हापासून "मला त्या आईकडे ने".

दादाचं खोटं नव्हतं. देवीचं नाव अ-मा, दुसरं नाव माझू, हाँगकाँगकडे तिलाच तिन हाऊ म्हणतात म्हणजे स्वर्गाची राणी. पोर्तुगीज इथे कायमचे वसले १५५७ च्या सुमारास, देऊळ त्याच्याही आधीचं, १४८८ चं मानतात. पोर्तुगीजांनी जागेचं नाव विचारलं, लोकांनी अ-मा-गाव असं काहीतरी सांगितलं आणि त्याचं झालं मकाव, असं म्हणतात. यातलं "गाव" म्हणजे आपलं गाव नव्हे हां, त्यांच्यात त्याचा अर्थ खाडी, उपसागर. पण आईला हे पटवून द्यायच्या भानगडीत आम्ही पडलो नाही.

आता मुद्द्याचं. हाँगकाँगहून फेरीने गेलो, तासभर लागतो. व्हीलचेअरवाल्यांना आधी चढवतात, पण भरती-ओहोटीप्रमाणे तो जोडपूल कधी सपाट असतो तर कधी चांगलाच उतरता होतो, त्यामुळे उतरताना चेअर उलटी धरा म्हणजे माणसाचं तोंड वरच्या बाजूला राहील. आम्ही पहिल्यांदा सरळ नेली आणि आई पुढे सरकली, काळजाचा ठोकाच चुकला. मकावमध्ये टॅक्सीने बारा (Barra) नावाच्या भागात उतरलो, तिथेच देवळासमोरचा चौक.

चौक दिसायला फार सुंदर, पोर्तुगीज पद्धतीचे छोटे छोटे काळे-पांढरे दगड लाटांसारखे बसवलेत, पण व्हीलचेअरवर बसलेल्या माणसाला विचारा! आईचे दात वाजायला लागले (तिचेच शब्द). पुढची छोटी चाकं जरा उचलून फक्त मागच्या मोठ्या चाकांवर ढकललं की धक्के निम्मे होतात, हे पाचेक मिनिटांनी सुचलं.

आणि मग दार. चौकातून दारापर्यंत थोड्या पायऱ्या आहेत, दोन्ही बाजूंना दगडी सिंह. दादा आणि भाचा दोघांनी मिळून चेअर उलटी करून एकेक पायरी वर ओढली. आत गेल्यावर खालचं अंगण आहे आणि तिथे ती शिळा, जिच्यावर जुनं शिडाचं गलबत कोरलंय, वर रंग दिलेला. अंगणातून समोर पहिलं देऊळही दिसतं. त्यापुढे सगळा डोंगर. म्हणजे देऊळ एकच नाही, टेकडीच्या उतारावर मोठाल्या खडकांच्या मधेमधे वेगवेगळी छोटी देवळं आहेत, सर्वात वर ग्वानयिनचं. ती करुणेची देवी. तिथपर्यंत नुसत्या पायऱ्या, वळणावळणाच्या आणि अरुंद. चाकं नेण्याचा प्रश्नच येत नाही.

तिथल्या चार तरुण पोरांनी खुणेनं विचारलं, उचलून नेऊ का? आम्ही हो म्हणणार तेवढ्यात आई म्हणाली, "मी काय पालखी आहे का?" आणि विषय संपला.

मग मी आणि वहिनी वर जाऊन आलो, आई आणि दादा खाली. परत आलो तर आई त्या गलबताच्या शिळेसमोर बसलेली आणि शिडाचे दोर कसे चुकीचे कोरलेत ते दादाला सांगत होती. चुकीचे आहेत का ते देव जाणे!

प्रवेश फुकट आहे, देऊळ संध्याकाळी सहाला बंद होतं, सकाळी लवकर जा. प्रश्न विचारा, माहीत असेल ते सांगेन.

पावशेर :

मस्त लिहिलंय. आईंना नमस्कार. व्हिसाचं काय केलं?

कोकमसरबत :

मकावला भारतीय पासपोर्टवर ३० दिवस व्हिसा लागत नाही. हाँगकाँगला मात्र आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते, ती सहा महिने चालते आणि एका वेळी १४ दिवस राहता येतं. मकावहून परत हाँगकाँगला येताना पुन्हा इमिग्रेशन असतं, त्यामुळे नोंदणीचा कागद हॉटेलात विसरू नका, आम्ही विसरणार होतो.

खाडीकाठ :

ताई, मी वेसाव्याचा, जातीनं कोळी. तुमच्या आईचं ऐकून मजा वाटली. आमची आई एकवीरा कार्ल्याच्या डोंगरावर, पायऱ्यांचं तिथेही तेच, आमच्या आजीला शेवटची काही वर्षं डोलीतनं नेलं, ती पण हेच म्हणायची की मेल्यावर न्या खांद्यावरनं, आता नको. कोळ्यांच्या आया उंचावरच का बसतात कुणास ठाऊक. मला वाटतं समुद्रावरनं दिसायला पाहिजे म्हणून असेल, होडीतनं बघितलं की डोंगर आधी दिसतो.

त्या देवीची कथा काय आहे? नवस वगैरे असतात का?

कोकमसरबत :

@खाडीकाठ, दोन कथा ऐकल्या. पहिली चीनच्या फुजियान प्रांतातली. तिथल्या मेइझोऊ बेटावर ९६० साली लिन घराण्यात मुलगी जन्मली, जन्मल्यावर रडलीच नाही म्हणून नाव मो, म्हणजे मुकी, गप्प. मोठी झाल्यावर वादळात सापडलेल्या खलाशांना वाचवायची. तरुणपणीच गेली आणि मग देवी झाली. तिच्या दोन्ही बाजूंना दोन राक्षसासारखे सेवक असतात, एकाला हजार कोसांवरचं दिसतं आणि दुसऱ्याला वाऱ्यावरचं ऐकू येतं. समुद्रावर हेच दोघं हवेत नाही का!

दुसरी खास मकावची. एक गरीब मुलगी कँटनला जायला होडी शोधत होती, श्रीमंतांच्या मोठ्या गलबतांनी तिला घेतलं नाही, एका साध्या कोळ्यानं घेतलं. वादळात बाकीची सगळी गलबतं बुडाली, ती एकच होडी तरली. किनाऱ्याला लागल्यावर मुलगी टेकडीवर गेली आणि दिसेनाशी झाली, तिथेच देऊळ.

नवस असतात. छतापासून लाल-पिवळ्या उदबत्तीची मोठमोठी वेटोळी टांगलेली असतात, सापासारखी गुंडाळलेली, खाली लाल कागदावर नाव आणि इच्छा. ती दिवसचे दिवस जळतात. ते वेटोळं बरोबर डोक्यावर आलं तर राख पडते, आपण बाजूला सरकतो पण चेअरवरच्या माणसाला ब्रेक लावून ठेवलेलं असतं हे लक्षात राहत नाही. आईच्या पदरावर पडली थोडी. शिवाय धूर जबरदस्त, दमा असेल तर खरंच विचार करा.

शून्यमनस्क :

एक प्रामाणिक प्रश्न, राग मानू नका. पाचशे वर्षं जुनं देऊळ आहे, वर्ल्ड हेरिटेज. तिथे रॅम्प आणि लिफ्ट लावायची अपेक्षाच चुकीची नाही का? काही जागा काही लोकांना झेपत नाहीत, मला एव्हरेस्ट झेपत नाही तसं. उचलून न्यायला माणसं तयार होती की.

कोकमसरबत :

मी लिफ्ट मागितलीच नव्हती हो. माझं म्हणणं इतकंच की माहिती खरी द्या. निघायच्या आधी एका टूरवाल्यानं (नाव नाही घेत) छातीठोक सांगितलेलं की "पूर्ण व्हीलचेअर फ्रेंडली आहे, काही प्रॉब्लेम नाही". त्याला नंतर फोटो पाठवले, निळी टिक आली पण उत्तर नाही.

चाकोरीबाहेर :

शून्यमनस्क, मी स्वतः १९ वर्षं व्हीलचेअरवर आहे म्हणून उत्तर देतो. एव्हरेस्ट कुणी माणसांनी यावं म्हणून बांधलेलं नाही. देऊळ माणसांनी माणसांसाठी बांधलंय, त्यातही समुद्रावर जीव मुठीत धरणाऱ्या गरिबांसाठी. वरच्या खडकातल्या पायऱ्या तोडा असं मीही म्हणणार नाही. पण दारातल्या थोड्या पायऱ्यांवर पूजेच्या वेळी टाकायची आणि नंतर उचलून ठेवायची फळी, त्याला कुठला हेरिटेज आडवा येतो?

आणि उचलून नेण्याबद्दल. ज्याला कधी कुणी उचललं नाही त्याला ते प्रेमळ वाटतं. चार अनोळखी माणसं, एकाचा हात निसटला तर मानेवर पडणार मी, आणि वर गेल्यावर त्यांना घाई म्हणून दोन मिनिटांत परत खाली. काकूंनी बरोबर केलं. इलेक्ट्रिक चेअर तर उचलायचं नावच काढू नका, माणूस धरून सव्वाशे-दीडशे किलो भरते.

एक टेक्निकल, पायरी चढताना चेअर कायम उलटीच, मोठी चाकं आधी, वरचा माणूस हँडल ओढणार आणि खालचा फ्रेमला धरणार, फूटरेस्टला नाही. फूटरेस्ट निघून हातात येतो.

शून्यमनस्क :

फळीचं मान्य. एव्हरेस्टचं मागे घेतो.

माडाची_सावली :

फोंड्याहून लिहितोय. मकाव म्हटलं की आम्हा गोंयकारांचे कान उभे राहतात. १८४४ पर्यंत मकावचा कारभार गोव्याच्या अखत्यारीत होता, हे आपल्याकडे शाळेत कुणी सांगत नाही. आणि कोकमसरबत, तुम्ही ज्या टेकडीखाली उभ्या होतात ना, तिथेच जरा वर मूरिश बॅरेक्स म्हणून पिवळी-पांढरी कमानींची इमारत आहे, ती १८७४ साली बांधली ती गोव्याहून नेलेल्या शिपायांसाठी. मकावच्या पोलिसांच्या मदतीला म्हणून ही पलटण नेली होती. नाव मूरिश, कमानी मोगली वाटाव्यात अशा, आणि राहणारे आमचे. ती पण वर्ल्ड हेरिटेजमध्ये आहे, २००५ साली अ-मा देवळाबरोबरच यादीत आली.

माझ्या मनात नेहमी येतं की त्या शिपायांना संध्याकाळी खालून धूप आणि फटाक्यांचा आवाज येत असेल तेव्हा घरची जत्रा आठवत असेल की नाही.

तुम्ही तिथे गेलात का? व्हीलचेअर जाते का?

कोकमसरबत :

अरेच्चा, हे माहीत असतं तर! बाहेरून बघितली आम्ही ती इमारत. देवळाकडून तिकडे जाणारा रस्ता चढाचा आणि फुटपाथ अगदी अरुंद, काही ठिकाणी चेअर रस्त्यावर उतरवावी लागली, मागून बस आली की बाजूला. दादा ढकलून घामाघूम झाला. उलट करा, म्हणजे टॅक्सीने वर लिलाऊ (Lilau) नावाच्या चौकापाशी उतरा आणि उतारानं देवळाकडे या. उतारावर ब्रेक मात्र दाबत दाबत, आणि हातमोजे असतील तर बरं.

आईला सांगते गोव्याच्या शिपायांचं.

बगळा :

हाँगकाँगमध्ये आठ वर्षं आहे. ज्यांना मकावपर्यंत जायचं नाही त्यांच्यासाठी लिहितो, इथे तिन हाऊची सत्तरहून जास्त देवळं आहेत आणि व्हीलचेअरसाठी सगळ्यात सोपं मला याऊ मा तेई भागातलं वाटतं. टेम्पल स्ट्रीटचा नाइट मार्केट ऐकला असेल, त्यातलं टेम्पल ते हेच. समोर मोठं सपाट मैदान, वडाची झाडं, म्हातारे लोक बुद्धिबळासारखं काहीतरी खेळत बसलेले. इथेही गाभाऱ्याशी पायरी-उंबरा आहे, पण अंगणापर्यंत विनासायास जाता येतं आणि चढ नाही.

गंमत म्हणजे हे कोळ्यांचं देऊळ आता समुद्रापासून बरंच आत आहे. भराव घालत घालत समुद्र लांब गेला. बांधलं तेव्हा पाण्याजवळ होतं. सपाट आहे ते त्यामुळेच, म्हणजे व्हीलचेअरला जे सोयीचं तेच देवीच्या दृष्टीनं गैरसोयीचं, तिला आता होड्या कुठे दिसणार! २०२० मध्ये त्याला संरक्षित स्मारक केलंय.

मेट्रोत स्टाफला सांगितलं की फटीवर टाकायची छोटी रॅम्प आणतात, उतरायच्या स्टेशनलाही फोन करून ठेवतात, हे अगदी व्यवस्थित चालतं. जुन्या दुमजली ट्रामचा मात्र नाद सोडा, दारात पायरी आणि फिरकं गेट.

स्टॅन्लीचं पण छान आहे, १७६७ चं, आत १९४२ साली तिथे मारलेल्या वाघाचं कातडं टांगलंय, धुरानं इतकं काळं झालंय की सांगितल्याशिवाय वाघ आहे हे कळत नाही. आणि जॉस हाऊस बे, १२६६ चं, सगळ्यात जुनं, तिथे देवीच्या वाढदिवसाला हजारो लोक बोटींनी येतात, पण तिथे व्हीलचेअर नका नेऊ, उतरण फार आहे.

खाडीकाठ :

बगळासाहेब, वाढदिवस कधी असतो? आमच्या नारळी पुनवेसारखं काही समुद्राला वाहतात का?

बगळा :

त्यांच्या तिसऱ्या चांद्र महिन्याच्या २३ तारखेला, म्हणजे आपल्या एप्रिल-मे मध्ये कधीतरी. नारळ नाही, भाजलेलं अख्खं डुक्कर, फळं, कागदाचे फुलोरे. होड्यांना झेंडे लावून मिरवतात, सिंहनाच असतो. मकावला तर देवळासमोरच्या त्याच चौकात बांबूचा मोठा मांडव घालून देवीसाठी ऑपेरा होतो. माणसांनी बघितला तर बघितला, मुळात खेळ देवीला दाखवायचा असतो.

त्या दिवसांत व्हीलचेअरवाल्यांनी जाऊ नये असं नाही म्हणणार, पण चौकाचा बराच भाग मांडवानं अडतो आणि गर्दीत चेअरवरच्या माणसाला फक्त लोकांच्या पाठी दिसतात.

चाकोरीबाहेर :

"फक्त लोकांच्या पाठी" हे माझ्या सगळ्या गणेशोत्सवांचं वर्णन आहे.

लाल_कंदील :

सिंगापूरहून +१. इथलं थियान हॉक केंग, तेलोक आयेर स्ट्रीटवर, हेही माझूचंच. फुजियानहून आलेले लोक जहाजातून सुखरूप उतरले की आधी इथे येऊन उदबत्ती लावायचे, तेव्हा समोर समुद्र होता, आता ऑफिसांचे टॉवर. सध्याची इमारत १८४२ मध्ये पूर्ण झाली. मकावसारखा डोंगर नाही, सगळं एका पातळीवर, पण मुख्य दाराचा उंबरठा चांगलाच उंच आहे. आणि त्यावर पाय द्यायचा नाही, ओलांडायचा. माझी सासू पहिल्यांदा आली तेव्हा कुणी न सांगताच ओलांडून गेली आणि मला म्हणाली, "यांना पण माहितीये वाटतं!"

आता प्रश्न असा की पाय द्यायचा नाही तर चाक चालतं का? मी एकदा तिथल्या आजोबांना विचारलं, ते हसले आणि म्हणाले चाकाला कुठे पाय असतात.

पावशेर :

हा हा, आजोबा जिंकले.

दर्यावर्दी :

मर्चंट नेव्हीत होतो, आता रिटायर. सगळे मकाव-सिंगापूर करताय, मुंबईत माझगावला डॉकयार्ड रोडजवळ चिनी देऊळ आहे ते कुणीच बघितलं नाही का? सी यिप कून, १९१९ चं, कँटनकडच्या खलाशांनी उभं केलेलं. ते माझूचं नाही, वरच्या मजल्यावर क्वान कुंग आहे, हातात शस्त्र घेतलेला लाल तोंडाचा योद्धा, आणि खाली ग्वानयिन. एकेकाळी गोदीत उतरलेले चिनी खलाशी तिथे येऊन राहायचे. आता समाज अगदी थोडा उरलाय, चिनी नववर्षाला गर्दी होते.

व्हीलचेअर? तळमजल्याच्या दारापर्यंत. वर जायला अरुंद जिना आहे. गल्ली पण मुंबईची आहे, म्हणजे पार्क केलेल्या स्कूटर हटवत जायचं.

आणि एक सांगतो, खलाशाला देव कुठला ते फार महत्त्वाचं नसतं. दक्षिण चिनी समुद्रात टायफूनच्या कडेला सापडलेलो तेव्हा आमच्या जहाजावर गणपती, माझू, वेलंकणीची माता असे सगळे फोटो एकाच फळीवर होते, त्या रात्री कुणी कुणाचा फोटो बाजूला केला नाही.

कोकमसरबत :

@दर्यावर्दी काका, माझगावचं नोंदवून ठेवलंय, आईला जवळ पडेल, तळमजल्यावर ग्वानयिन आहे म्हणजे मकावला जी सर्वात वर होती ती इथे सर्वात खाली भेटणार!

शून्यमनस्क :

पुढच्या महिन्यात वडिलांना घेऊन मकावला जातोय (हो, मीच). गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय, लांब चालायला नको म्हणून भाड्यानं व्हीलचेअर घेणार. देवळापर्यंत टॅक्सीच की काही सोपं आहे? आणि टॉयलेटचं काय, ते धाग्यात कुणी सांगितलेलंच नाही, वयस्कर माणसांना घेऊन जाताना देवापेक्षा आधी तेच लागतं.

कोकमसरबत :

डिसेंबर २०२३ पासून मकावची लाइट रेल तैपा बेटाहून थेट बारापर्यंत येते, आम्ही परत जाताना घेतली. स्टेशनला लिफ्ट आहे, डब्यात चेअर सरळ आत जाते, त्या लाटांच्या दगडांनंतर गुळगुळीत फरशी म्हणजे स्वर्ग. स्टेशनपासून देवळापर्यंत अंतर थोडं आहे.

टॉयलेट आम्ही स्टेशनवरच आटपलं, देवळाच्या भरवशावर राहू नका. तुमच्या वडिलांना चार पायऱ्या जमत असतील तर दारातून स्वतः चढू दे आणि चेअर मागून रिकामी न्या, फार सोपं जातं. सकाळी आठ-साडेआठला पोचा, दहानंतर टूरच्या बसेस येतात आणि तुमच्या चाकांसमोर झेंडेवाले गाईड उभे राहतात.

चाकोरीबाहेर :

शून्यमनस्क, भाड्याच्या चेअरची पुढची चाकं किती मोठी ते आधी विचारा. अगदी बारकी कडक चाकं असली तर त्या दगडांच्या फटीत अडकतील, आणि वडील पुढे झुकतील. पट्टा आहे का तेही बघा. आणि आल्यावर फोटो टाका, दाराच्या पायऱ्यांचा समोरून एक, म्हणजे पुढच्याला मोजता येतील.

शून्यमनस्क :

टाकतो. टेप पण नेतो, उंची मोजून लिहितो.

खाडीकाठ :

ताई, ते शिडाचे दोर खरंच चुकीचे कोरलेत का? फोटो असेल तर टाका, आमच्या बाबांना दाखवतो, ४० वर्षं होडी चालवलीय त्यांनी.

कोकमसरबत :

टाकते संध्याकाळी. आई आत्ताच सांगतेय, बाबांना म्हणावं मागच्या डोलकाठीकडे बघा.